अमेरिकेतील विवेकाधीन वाहतूक निधी: प्रकल्पांची निवड कशी होते? मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: मी अमेरिकेतील एका छोट्या ग्रामीण काउंटीच्या नियोजन विभागात काम करते. जुन्या पुलासाठी 'बिल्ड' अनुदानाचा अर्ज करण्याचा विचार आहे. राज्यांना ठरलेल्या सूत्राने मिळणारा निधी समजतो. परंतु संघीय वाहतूक विभाग स्पर्धेतून देतो त्या 'बिल्ड'सारख्या विवेकाधीन निधीसाठी प्रकल्पांची निवड कशावर ठरते आणि तयारी कोठून सुरू करावी, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १: आधी त्या वर्षीची निधी-सूचना, म्हणजे अर्ज मागवताना विभाग काढतो ती जाहिरात, अथपासून इतिपर्यंत वाचावी. 2009 साली 'टायगर' म्हणून सुरू झालेली ही योजना 2018 मध्ये 'बिल्ड', 2021 मध्ये 'रेझ' आणि 2025 मध्ये पुन्हा 'बिल्ड' झाली, आणि सरकारे बदलली तसा निकषांवरचा भरही बदलत गेला. त्यामुळे जुन्या यशस्वी अर्जाची नक्कल करू नये. सुरक्षितता, मालमत्तेची सुस्थिती, आर्थिक स्पर्धाक्षमता अशा प्रत्येक निकषावर परीक्षक स्वतंत्र मत नोंदवतात, म्हणून केवळ 'पूल जीर्ण आहे' एवढ्याने भागत नाही. भारमर्यादेचा फलक लागल्यावर रुग्णवाहिका आणि शाळेची बस किती मैलांचा वळसा घेतात, त्यात किती मिनिटे जातात, हे आकड्यांनिशी दाखवा. लाभ-खर्च विश्लेषणाचा पायाही तोच आहे. पर्यावरणीय मंजुरी आणि जागेचा ताबा अधांतरी असेल, तर उत्तम प्रकल्पही मागे पडतो.

प्रतिसाद २: वरील सल्ला योग्यच आहे, पण वरची श्रेणी मिळाली म्हणजे निधी मिळालाच, असे समजू नये. अंतिम निवड वाहतूक मंत्री करतात, शिवाय शहरी-ग्रामीण वाटणी आणि एका राज्याला मिळू शकणाऱ्या रकमेची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. 'टायगर'च्या काळात कमी तांत्रिक श्रेणीचे काही प्रकल्प पुढे नेताना त्याची कारणे विभागाने पुरेशी नोंदवली नव्हती, असे संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2014 मध्ये दाखवून दिले होते. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ही त्रुटी मला गंभीर वाटते. अर्ज नाकारला गेल्यास विभागाकडे अभिप्राय अवश्य मागावा. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी त्याहून उपयुक्त कागद नाही.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. आमचे संकल्पचित्र अजून अपुरे आहे. तरी याच वर्षी अर्ज करावा का?

प्रतिसाद १: बांधकामासाठी नको. याच योजनेत नियोजनासाठी वेगळे अनुदान मिळते. त्यातून संकल्पचित्र आणि पर्यावरणीय अभ्यास पूर्ण करून घ्या, कारण बांधकामाचा निधी ठरलेल्या मुदतीत करारबद्ध झाला नाही, तर तो हातचा जातो.