हवाई अंतर म्हणजे नेमकं कुठलं?

ऐरोलीकर: भाचीला भूगोलाच्या वहीत 'मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर' लिहायचं होतं. मी सांगितलं, सुमारे १२,५०० किमी. शेजारी भाजी निवडत बसलेली तिची आजी म्हणाली, "विमान काय मोजून तेवढंच उडतं?" मी गप्प. हवाई अंतर म्हणजे विमान कापतं ते, की दोन शहरांमधलं सरळ?

नौपाडेकर: सरळ. ठाणे ते वाशी हवाई अंतर साधारण १४ किमी आहे, म्हणून काही कोणी विमानाने वाशीला जात नाही. इथे 'हवाई' म्हणजे मधली खाडी, वळणं, सिग्नल जमेस धरायचे नाहीत, एवढंच.

मात्र 'सरळ' हा शब्द फसवा आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाईल. आता पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून न्यूयॉर्कपर्यंत ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. तुमचे १२,५०० किमी म्हणजे हा दोरा. तो ज्या वर्तुळाचा तुकडा, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. शाळेत हा शब्द विषुववृत्तासोबत येतो, म्हणून मुलांना वाटतं बृहद्वृत्त एकच. गोलाचे बरोबर दोन अर्धे करणारं कुठलंही वर्तुळ बृहद्वृत्तच.

वाशीकर: हवाई हा शब्द फारसी वळणाचा. 'आकाशांतर' म्हणू या का?

नौपाडेकर: नको. ते दोन ताऱ्यांमधलं वाटतं.

घणसोलीची ताई: माझं तिकिटांचं काम, म्हणून आजींच्या बाजूने बोलते. त्यांचा प्रश्न बरोबर होता, त्यासाठी शब्द मात्र वेगळा हवा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. हवाई अंतर तसूभरही बदललं नाही, पण वळसा घेणाऱ्या विमानांना जास्त उडावं लागलं. त्याला मी 'उड्डाणमार्गाची लांबी' म्हणते. जरा बोजड आहे, पण घोळ होत नाही. वाऱ्याची गोष्ट आणखी निराळी: अमेरिकेहून येताना पाठीशी वारा असला की वेळ वाचतो, किलोमीटर तेवढेच.

शिवाय 'पल्ला' हा आपला जुना शब्द विसरू नका. पल्ला म्हणजे एका दमात किती लांब जाता येतं ते; तो विमानाचा असतो, शहरांचा नाही. 'लांब पल्ल्याची गाडी' म्हणतो तसंच.

आणि 'थेट' म्हणजे 'विनाथांबा' नव्हे! थेट विमान मधे एखाद्या शहरात उतरू शकतं, क्रमांक तोच राहतो. विनाथांबा मधे उतरतच नाही. एस.टी.च्या पाटीवर 'विनावाहक विनाथांबा' वाचून मोठे झालेले आपण, तिकीट काढताना मात्र 'थेट' बघून खूश होतो आणि मग मधल्या विमानतळावर तासभर खुर्चीत बसून राहतो.

ऐरोलीकर: आजीला वाचून दाखवलं. "मग मी बरोबरच बोलले," एवढं म्हणून पुन्हा मेथीकडे वळली. भाचीने वहीत 'हवाई अंतर सुमारे १२,५०० किमी' लिहिलं आणि खाली गोलावर ताणलेला तो लाल दोरा चिकटवला. आता बाईंना वाटेल, प्रमाण चुकलंय.