दोन-चार डाव झाले की मिनीवरचा (टेबलावरच्या खेळातल्या छोट्या पुतळ्यावरचा) रंग निघतो. चूक नेमकी कुठे?

कुंचलाबहाद्दर:

साधारण 28 मिमी उंचीच्या 22 मिनी आहेत. 10 कडक प्लास्टिकच्या (स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावरून कापून जोडायच्या), 6 रेझिनच्या, 4 धातूच्या आणि 2 बोर्डगेमच्या डब्यातल्या, मऊ प्लास्टिकच्या. याच मिनी स्कर्मिश वॉरगेमलाही (थोड्या मिनींची लुटुपुटुची लढाई) वापरायच्या आहेत आणि रोलप्लेइंगच्या चौकटीच्या नकाशावरही.

सगळ्यांना एकच कृती केली: कापल्या, चिकटवल्या, काळा स्प्रे प्रायमर (रंगाला पकड देणारा पहिला थर) मारला, ॲक्रिलिकचे दोन हात दिले, वर वॉश (खाचांत सावली भरणारा पातळ रंग). व्हार्निश (वरचा संरक्षक थर) नाही.

आता रेझिनवरचा रंग प्रायमरसकट पापुद्र्यासारखा सुटतोय. प्लास्टिकच्या काही मिनींचे खांदे आणि पाठ सँडपेपरसारखी खरखरीत झालीय. धातूच्या मिनींच्या तलवारीच्या टोकांचे टवके उडालेत. मऊ प्लास्टिकच्या दोघी दहा दिवस झाले तरी हाताला चिकटतात. रंगाची बाटली सगळ्यांना एकच होती, मग दोष रंगात आहे का?

जाता जाता: निम्म्या मिनी 32 मिमीच्या बेसवर (पायाखालच्या गोल चकतीवर) आहेत आणि नकाशाची चौकट 1 इंचाची. त्याचं काय करावं?

खाचखळगे:

रंग निर्दोष आहे. चार तक्रारींची चार वेगळी कारणं आहेत आणि चारही ब्रश हातात घेण्याआधीची.

कुठल्याही मिनीचा टवका उडाला की आधी खाली काय दिसतंय ते बघायचं. खाली मूळ प्लास्टिक, रेझिन किंवा धातू दिसला तर प्रायमरने पकडच घेतलेली नाही. खाली प्रायमरचा काळा थर शाबूत असेल तर प्रायमर ठीक आहे, वरचा रंग झिजलाय किंवा जाड बसलाय. पहिल्या प्रकाराला व्हार्निश हा उपाय नाही. व्हार्निशसकट पापुद्रा निघेल, इतकंच.

रेझिन: साच्यातून सुटावं म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावतात, ते मिनीवर राहतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब, जुना टूथब्रश, आणि खाचाखोचांत नीट घासणं. मग साध्या पाण्याने धुऊन रात्रभर वाळवा. पाणी कोमटच हवं. गरम पाण्यात भाले-तलवारी वाकतात. वाकलेली तलवार सरळ करायची तर हेच उलटं वापरतात: गरम पाण्यात काही सेकंद, सरळ धरायची, लगेच गार पाण्यात. धुतल्यावर मिनी उघड्या बोटांनी हाताळू नका, बोटांचं तेल पुरेसं असतं. आणि रेझिन घासताना सँडपेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. तुमचं रेझिन साच्यातलं आहे की प्रिंटरवरचं? उत्तर त्यावर बदलतं.

प्लास्टिकची खरखर: स्प्रेचा थेंब मिनीवर पोचायच्या आधीच हवेत सुकला आणि पीठ होऊन बसला. कॅन लांब धरला, हवा तापलेली आणि कोरडी होती किंवा वारा होता, यातलं काहीतरी एक. अंतर 20 ते 25 सेंमी. आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून पुढे पूर्ण दोन मिनिटं कॅन हलवायचा. दोन मिनिटं किती लांब असतात ते घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून मिनीच्या पलीकडे बंद करायचा. मिनीवरच बटण दाबलं की पहिला थुंकल्यासारखा फवारा नेमका चेहऱ्यावर बसतो. पहिल्या हातात खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. मग 10-15 मिनिटं थांबून दुसरा हात. लाकडी पट्टीवर दुहेरी टेपने पाच-सहा मिनी चिकटवल्या की पट्टी फिरवून सगळ्या बाजू मिळतात.

खरखर वरवरची असेल तर कोरड्या कडक टूथब्रशने घासून बरीच जाते. बोट फिरवून अजून लागत असेल तर प्रायमर उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही. वर कितीही रंग दिला तरी ड्रायब्रश करताना (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासताना) एकेक कण पांढरा उठून दिसणार.

मऊ प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतो, आणि स्प्रेतला सॉल्व्हंट त्याच्याशी भांडतो. असा चिकटपणा दहा दिवसांत गेला नाही तर महिनाभरानेही जाईलच असं नाही. रंग-प्रायमर उतरवा, साबणाने धुवा आणि पाण्यावर चालणारा प्रायमर ब्रशने लावा.

धातूचं टोक हा वेगळाच मामला. पातळ पातं जरा वाकतं, रंग वाकत नाही. शिवाय धातूची मिनी आडवी पडली की सगळं वजन त्याच टोकावर येतं. तिथे पकडीइतकाच बेसच्या वजनाचाही प्रश्न आहे.

संथ_फासा:

वरच्याशी बराचसा सहमत, पण हवा दमट असेल तर स्प्रेचा नादच नको. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की प्रायमर पांढुरका, मॅट (बिनचमकीचं) व्हार्निश त्याहून पांढुरकं. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर घ्या, हवेची पर्वा करावी लागत नाही.

फक्त त्याचे दोन नखरे आहेत. एक, लावताना तो गचाळ दिसतो, ब्रशच्या रेघा दिसतात. त्यावर पुन्हापुन्हा ब्रश फिरवायचा नाही. सुकताना तो आपोआप ताणून बसतो. खाचेत डबकं साचलं तर ब्रश कोरडा करून टोकाने टिपून घ्या. दोन, तासाभरात सुकल्यासारखा वाटतो पण तेव्हा नखाने खरडला तर रबरासारखा सोलून येतो. 24 तास हात लावायचा नाही. आणि हा सँडपेपरने घासता येत नाही, फाटतो. त्यामुळे मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) आधीच खरवडून काढा: सुरीच्या पात्याची पाठ, पातं ओढायचं, कापायचं नाही.

कुंचलाबहाद्दर:

रेझिन प्रिंटरवरचं आहे, दुसऱ्या कुणाकडून छापून घेतलेलं. सपोर्ट (छापताना दिलेले टेकू) तोडलेल्या जागा अजून किंचित चिकट लागतात. साबणाने धुऊन भागेल?

खाचखळगे:

नाही. चिकट म्हणजे न पिकलेलं (प्रकाशाने पुरतं कडक न झालेलं) रेझिन पृष्ठभागावर शिल्लक आहे, ते साबणाने जात नाही. हातमोजे घाला, हे रेझिन त्वचेला त्रास देतं आणि पुढे ॲलर्जी जडू शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशने घासून धुवा, दोन-तीन मिनिटं पुरे. भिजत ठेवू नका, नाहीतर बारीक भाग मऊ पडतात. अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या, अर्धा तास तरी, मगच अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवा. ओल्यावर पिकवलं तर पृष्ठभागावर पांढरे डाग धरतात. उन्हात उलटसुलट करून सगळ्या बाजू फिरवा. बोट फिरवल्यावर कोरडं, काचेसारखं लागलं की झालं. अति पिकवलं की ठिसूळ होतं, म्हणजे तलवार मोडते.

चौकटराजा:

बेसबद्दल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळात एक चौकट 5 फुटांची आणि नकाशावर 1 इंचाची, म्हणजे 25.4 मिमी. मध्यम आकाराचं पात्र एक चौकट घेतं, म्हणून 25 मिमीचा बेस चपखल बसतो. लार्ज (मोठ्या) पात्राला 50 मिमी, ह्यूजला (अवाढव्य) 75.

32 मिमीचा बेस चौकटीबाहेर प्रत्येक बाजूला 3.3 मिमी जातो. एकटा असेपर्यंत कुणाचं बिघडत नाही. दोघं समोरासमोरच्या चौकटींत आले की केंद्रांमधलं अंतर 25.4 आणि हवं 32, म्हणजे 6.6 मिमी कमी. तिरक्या शेजाऱ्यांत केंद्रं साधारण 36 मिमी लांब असतात, ते बसतात. म्हणून गडबड नेमकी बोळात आणि दारात होते, जिथे सगळे एका रांगेत उभे असतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नकाशा सव्वा इंची चौकटीवर छापणं. 31.75 मिमी, बेस जवळपास कडेला कड लावून उभे राहतात. नियम बदलावे लागत नाहीत, कारण चौकटी मोजायच्या असतात, इंच नाही. दुसरा मार्ग चौकटच सोडण्याचा: 1 इंच म्हणजे 5 फूट, 30 फूट वेग म्हणजे 6 इंच, टेपने मोजा.

पण वॉरगेमसाठी बेस लहान करू नका. बहुतेक खेळांत अंतर बेसच्या कडेपासून मोजतात. बेस लहान केला की पोच बदलते, जागा अडवणं बदलतं आणि समोरचा हरकत घेणारच. दोन्ही खेळांना एकच मिनी हवी असेल तर मिनी 25 मिमीवर ठेवा आणि वॉरगेमपुरती 32 मिमीच्या कड्यात बसवा. ज्या आधीच 32 वर चिकटवल्यात त्या उचकटू नका, घोटे मोडतात. त्यांच्यासाठी सव्वा इंच.

कड्यात आणि मिनी ठेवायच्या पेटीत, दोन्हीकडे पकड मिळावी म्हणून चुंबक लावा. 5×2 मिमीचं निओडिमियम साध्या प्लास्टिक मिनीला पुरतं, धातूच्या मिनीला 10×2. चूक सगळे एकच करतात: चुंबक बेसच्या पोकळीत वर, छताला चिकटवतात. मग खाली दीड-दोन मिमी हवा राहते आणि पकड जवळजवळ संपते. चुंबक बेसच्या काठाशी सपाट यायला हवं. लोखंडी पत्र्यावर बेकिंग पेपर, त्यावर चुंबक, बेसच्या पोकळीत एपॉक्सी पुट्टी भरून वरून दाबायचं. रात्रभर तसंच. पुट्टीचं वजन धातूच्या मिनीला फुकटात मिळतं, आडवी पडणं कमी होतं.

सुपरग्लूने लावणार असाल तर चुंबकाचा गुळगुळीत मुलामा आधी सँडपेपरवर घासा, नाहीतर चुंबक पत्र्यावर राहतं आणि मिनी हातात येते. एका काडीच्या टोकाला मापाचं चुंबक चिकटवून ठेवा आणि प्रत्येक नवं त्याच्याशी जुळवून बसवा. ध्रुव उलटा झाला तर मिनी कड्यातून उडी मारते. लहान मुलांच्या हाती ही चुंबकं लागू देऊ नका, दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना ओढतात.

मॅटफिनिश:

व्हार्निशबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. हाताळायच्या मिनीला आधी ग्लॉस (चमकदार), मग मॅट. ग्लॉसची साय कडक असते. मॅटमध्ये चमक मारायची पूड मिसळलेली असते, म्हणून तो एकटा तितका टिकत नाही. ग्लॉसचे दोन पातळ हात, एक दिवस थांबा, वर मॅटचा एक. मॅटने धातूच्या रंगाची झळाळी मरते, तेव्हा तलवार-चिलखतावर शेवटी ब्रशने पुन्हा थोडं ग्लॉस किंवा सॅटिन (मध्यम चमकेचं) द्या.

मॅट मारल्यावर मिनीवर पिठासारखी पांढरी साय आली तर घाबरू नका. हवा दमट होती, हात जाड बसला किंवा बाटली हलवली नव्हती. वरून ब्रशने ग्लॉस लावलं की बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसतो. मग कोरड्या हवेत नवं मॅट.

आणि ते "दोन हात" किती जाड होते? सुरुवातीला रंग आणि पाणी निम्मे-निम्मे. अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून बघा: ओघळ नखाच्या कडेला धावला तर पाणी जास्त, रेघ उंचवट्यासारखी उभी राहिली तर कमी. पाण्याचं प्रमाण याच्या फार पुढे नेऊ नका. रंगातला बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारं द्रव्य) इतका पांगतो की सुकल्यावर नुसती पूड राहते आणि पुढच्या हाताच्या पाण्याने उठते. जास्त पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मॅट मीडियम (रंग नसलेला बाइंडर).

वॉश अर्धवट सुकलेला असताना ब्रश लावणं हाही एक ठरलेला गुन्हा. चहाच्या कपाखाली उमटते तशी कड उमटते आणि जात नाही.

कुंचलाबहाद्दर:

मग 22 च्या 22 मिनींचा रंग उतरवायचा?

खाचखळगे:

मुळीच नाही. मास्किंग टेपचा तुकडा पाठीवर दाबून झटक्यात ओढा. रंग टेपवर आला तर ती मिनी उतरवायची, नाहीतर राहू द्या. रेझिनच्या सहा आणि मऊ दोन नक्की उतरवाव्या लागणार.

कडक प्लास्टिक घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, 90 टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिलमध्ये दोन-तीन तास, मग टूथब्रश. सुपरग्लूचे सांधे सुटू शकतात, प्लास्टिक सिमेंटचे सुटत नाहीत कारण तिथे प्लास्टिकच वितळून एक झालेलं असतं. रेझिन आणि पीव्हीसी दर 10-15 मिनिटांनी काढून बघा, बरणीत विसरू नका. ॲसिटोन फक्त धातूला. कडक प्लास्टिकवर पडला तर चेहऱ्याचा लगदा होतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

कुंचलाबहाद्दर:

टेप लावून पाहिला. प्लास्टिकच्या सातवर काही आलं नाही, खरखरीत तिघींचा रंग निघाला. धातूच्या चारही टिकल्या, फक्त टोकं उघडी आहेत. तेवढ्यापुरतं प्रायमर कसं लावू?

संथ_फासा:

टवक्याची कड 1000 नंबरच्या ओल्या सँडपेपरने उतरती करा, नाहीतर रंग दिल्यावरही पायरी दिसते. उघड्या धातूवर ब्रशने प्रायमरचा पातळ थेंब, 24 तास, मग मूळ रंग. टोकावर ग्लॉसचे दोनऐवजी तीन हात द्या.