किसान सन्मानचा हप्ता आणि ठेक्याची शेती
वर एकांनी लिहिलंय की मोठे बागायतदारच सगळं अनुदान खातात. किसान सन्मानपुरतं तरी ते खरं नाही भाऊ. केंद्राचे वर्षाला ६०००, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे आणखी ६०००. दोन एकर असो की वीस, रक्कम तेवढीच. गोम वेगळीच आहे. काटोल-नरखेडकडे कपाशी-सोयाबीन ठेक्याने करणारे आहेत ना, त्यांच्या हाती छदामही नाही. सातबारा मालकाचा, म्हणून हप्ता मालकाला, मग तो नागपुरात बसून का असेना (इन्कम टॅक्स भरत असला तर मात्र नाही!). १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतलेलाही बाहेर. वारसाने आली असेल तर चालते. हप्ता अडकलेल्यांनी आधी ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झालंय का बघा आणि आधार कोणत्या बँकेला जोडलंय तेही, पैसे त्याच खात्यात पडतात.