मदत हवी आहे : दुधातलं फॉर्मेलिन (दूध नासू नये म्हणून भेसळीत घालतात ते विषारी रसायन) कुठे तपासून मिळेल?

नमस्कार भाऊ-ताईंनो. आर्वी तालुक्यात आमच्या बचत गटाचं दूध संकलन आहे. एका कॅनमधलं दूध, मे महिन्याची गरमी असूनही, न तापवता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नासलं नाही. विरजण घातलं तर दही लागेना, नुसतं पांढरं पाणी. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) मात्र चोख; लॅक्टोमीटरला असलं काही कळतच नाही.

दूध टिकवायला हायड्रोजन पेरॉक्साइडही घालतात, त्याची चाचणी केली, रंग आला नाही. पण ते दुधात काही तासांत विघटित होतं, म्हणून माझा भरवसा नाही. खरी धास्ती फॉर्मेलिनची. फेरिक क्लोराइडचा अंश असलेलं तीव्र गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) परीक्षानळीत दुधाखाली सोडलं की जांभळं कडं येतं, हे ठाऊक आहे. असलं आम्ल केंद्रावर आणायची मात्र माझी तयारी नाही.

वर्धा, नागपूर, अमरावतीकडे खासगी नमुना घेणारी मान्यताप्राप्त लॅब कुणी वापरली आहे का? फी किती? तपासणीचे नमुने टिकवायला फॉर्मेलिनच घालतात. मग आमचा नमुना फक्त बर्फात न्यायचा ना? अन्न सुरक्षा कायदा 2006, कलम 40 नुसार ग्राहकालाही तपासून घेता येतं, तसं कुणी केलंय का? गावातली लेकरं हेच दूध पितात, लवकर सांगा.