अण्णांच्या दाढीसाठी फेस करायला स्वस्त आणि जड वाडगा हवाय (उदगीर-लातूर भागात)

उदगीरची लेक

नमस्कार. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांची दाढी मी करते. पहाटेच्या पाळीलाही दाढी करूनच घराबाहेर पडणारा माणूस आहे, खुंट वाढलेले त्यांना सहन होत नाहीत.

अडचण अशी आहे. क्रीम लावून ब्रश सरळ गालावर फिरवला की उजव्या गालाची कातडी ब्रशासोबतच सरकते, कारण तो गाल त्यांना फुगवता येत नाही. त्या बाजूचे ओठही नीट मिटत नाहीत, म्हणून फेस जरा पातळ झाला की ओघळून तोंडात जातो. मग ठसका लागतो आणि माझाच जीव घाबरा होतो. म्हणून फेस बाहेरच, घट्ट करून घ्यावा आणि मग हळूच गालावर लावावा असं ठरवलंय.

स्टीलच्या वाटीत करून बघितलं. वाटी हलकी, स्टुलावर नुसती गरगर फिरते. माझा एक हात अण्णांच्या मानेखाली असतो, त्यामुळे वाटी धरायला हात उरत नाही. ऑनलाईन दाढीचे वाडगे बघितले तर चारशे-पाचशेच्या पुढंच. औषधांचा खर्च बघता मी दीडशे, फार तर दोनशे देऊ शकते.

मेडिकलवाल्यांनी डब्यातला तयार फेस सुचवला होता. अण्णांनी मान हलवून नको म्हटलं. ब्रश गालावरून फिरताना ते डोळे मिटून शांत बसतात, ते सुख मला काढून घ्यायचं नाही.

तर कशाचा वाडगा घ्यावा, किती मोठा, आणि आपल्याकडं कुठं मिळेल? आमच्याकडं पाणी बोअरचं आहे, हेही सांगून ठेवते.

परभणीचा सलूनवाला

ताई, दुकानात आम्ही प्लास्टिकची वाटी वापरतो, पण ती डाव्या तळहातात धरून काम करायची आम्हाला सवय असते. तुमच्या कामाची ती नाही.

माप सांगतो. तोंड चार ते पाच इंच, खोली दोन-अडीच इंच. यापेक्षा उथळ असेल तर फेस बाहेर उडतो, खोल असेल तर ब्रशाची मूठ काठाला अडते. बूड बाहेरून सपाट आणि आतून गोल उतार पाहिजे. डब्यासारखा कोपरा असला की क्रीम तिथंच बसून राहतं. आतून थोडं खरखरीत असलं तर फारच चांगलं, फेसात हवा लवकर मिसळते. अ‍ॅल्युमिनियम घेऊ नका, साबणाच्या अल्कलीनं ते काळं पडतं.

आता कसं करायचं ते. ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकून घ्या. क्रीम बदामाएवढं. ब्रश दाबायचा नाही, टोकांनी गोल गोल फिरवायचा, आणि पाणी थेंब-थेंब वाढवायचं. एकदम पाणी टाकलं की फेस मोठा दिसतो पण त्यात दम नसतो. ब्रश उलटा धरला तरी फेस जागचा हलला नाही की झालं. वाडग्याखाली ओल्या फडक्याची चुंबळ ठेवा, मग कसलंही भांडं असो, फिरणार नाही.

आणखी एक, हे वाडग्यापेक्षा महत्त्वाचं. झटक्यानंतर बऱ्याच जणांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात. तशा असतील तर बारीक काप लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. ब्लेड नवं वापरा, केस वाढतात त्याच दिशेनं एकदाच फिरवा, उलटा हात नको. लुळा गाल कानाकडं बोटानं ताणून धरा. तुरटीचा खडा जवळ असू द्या.

औसा तालुका

आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, आंबिलासाठी मातीची भांडी घेतेत, तेव्हा कुंभाराकडं लहान परळ, म्हणजे मातीचा पसरट वाडगाही मिळतो. पंचवीस-तीस रुपयाला येईल. आतून खरखरीत असतो आणि जागचा हलत नाही. फक्त कोरा परळ पाणी पितो, म्हणून आधी रातभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर तुमच्या फेसातलंच पाणी शोषून घेईल. काठ मात्र लवकर झडतो. वरचेवर नवा घ्यायची तयारी असली तरच.

गोदाकाठ, नांदेड

वाडग्याचं बाकीचे सांगतीलच, मी पाण्याचं बोलतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. साबण त्यांच्याशी मिसळून पांढरा साका धरतो आणि फेसाला उरतो थोडाच. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही त्या पाण्यात फेसही धरत नाही, ही घरची परीक्षा. दाढीला पाणी लागतं फुलपात्रभर, तेवढं जारचं किंवा आरओचं घ्या. तेही नसेल तर बोअरचं पाणी चांगलं उकळून, गार होऊ देऊन वरचं निवळ तेवढं घ्या. उकळल्यावर काही क्षार तळाला बसतात. सगळे जात नाहीत, पण फरक पडतो.

मांजराकाठ

कुत्र्या-मांजरांसाठी बुडाला रबरी कड असलेली स्टीलची वाटी मिळते. लहान आकाराची शंभर-दीडशेत येते आणि घसरत नाही.

प्रयोगशाळा परिचर, लातूर

ताई, तुम्ही चिनी मातीचा खल घ्या. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, हा खल रोज हाताळतो. बाहेरून चकाकी असते, पण आत जिथं घोटायचं तिथं मुद्दाम चकाकी दिलेली नसते, म्हणजे वरती सलूनवाले दादा म्हणाले तसा खरखरीतपणा आपोआप मिळतो. आतून गोल, बूड सपाट, भिंत जाड. चार इंची घेतला तरी हाताला वजन जाणवतं. पाणी ओतायला काठाला चोच असते, तिचा उपयोग ब्रश टेकवायला होईल.

लातुरात शाळा-कॉलेजं एवढी आहेत की प्रयोगशाळेचं साहित्य विकणारी दुकानं सहज सापडतात. तिथं ‘पोर्सेलिनचा खल, चार इंची’ म्हणून मागा. आयुर्वेदिक साहित्य विकणाऱ्यांकडंही असतो. कोराच घ्या. प्रयोगशाळेतून काढून टाकलेला कुणी फुकट दिला तरी नको, त्यात काय काय घोटलेलं असेल सांगता येत नाही आणि हे तोंडाजवळचं काम आहे. घेताना बोटाच्या पेरानं टकटक करून बघा. आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर चीर असू शकते.

उदगीरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना तपासणीसाठी लातूरला नेलं होतं, तेव्हाच खल घेतला. बत्त्यासकट एकशे साठ रुपये. दुकानदारानं विचारलं, कोणत्या कॉलेजसाठी? दाढीसाठी म्हटल्यावर त्यानं स्वतः चार खल वाजवून त्यातला चांगला काढून दिला.

दादा, तुमची चुंबळ फार कामी आली. जुन्या सुती साडीची केली आणि ओली करून खल तिच्यात बसवला, आता तो जागचा हलत नाही. आणि त्यामुळं एक गोष्ट अशी झाली की मी विचारही केला नव्हता. अण्णा आता डाव्या हातानं स्वतः ब्रश फिरवतात. वाटी धरायची गरजच उरली नाही ना, एक हात पुरतो. पाणी किती घालायचं हे तेच बोटानं खुणावून सांगतात, आणि फेस माझ्यापेक्षा घट्ट करतात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे बघितलं आणि रोज करू द्या म्हणाल्या. डॉक्टरांनाही विचारलं, रक्त पातळ ठेवायची गोळी चालूच आहे, त्यामुळं उलटा हात पूर्ण बंद केला.

पाणी जारचं घेते. फेसात फरक डोळ्यांना दिसतो, आधी कडेला दह्याच्या फुटक्या कवड्यांसारखं काहीतरी जमायचं, ते बंद झालं. दाढीआधी खलात गरम पाणी भरून ठेवते, जाड असल्यानं तो ऊब धरून ठेवतो आणि अण्णांना फेस कोमट लागतो.

रबरी कडेची वाटी सुचवली त्यांचेही आभार, सूचना उपयोगाची आहे. पण अण्णांना ती वाटी कशाची हे माहीत आहे, म्हणून नको वाटलं.

एकच विचारायचं राहिलं. खरखरीत खलात फिरवून ब्रशाचे केस झिजतील का? एक-दोन केस फेसात दिसतात.

परभणीचा सलूनवाला

एक-दोन रोज गळत असतील तर काळजी नाही, नव्या ब्रशाचे तेवढे जातातच. झुबकाच सुटायला लागला तर मुळाशी साबण साचलाय असं समजा. दाढी झाली की ब्रश कोमट पाण्यात मुळापर्यंत चोळून धुवा, झटका, आणि मूठ वर, केस खाली असा टांगा. खलातही ओला ठेवू नका. आणि अण्णांना सांगा, जोर हाताचा लावायचा नाही, मनगट फिरवायचं. मेकॅनिकला हे एकदा सांगितलं की पुरे.