मदत हवी आहे : पद्मिनीचा पिस्टन जाम झालाय

नमस्कार मंडळी. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी बाबांची प्रीमियर पद्मिनी सात वर्षं उभी होती. या शनिवार-रविवारी मी आणि धाकट्या भावाने तिचं १०८९ सीसीचं इंजिन उघडलं. हेड निघालं, पण तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन गंजाने घट्ट बसलाय. रात्रभर डिझेल ओतून ठेवलं. क्रँकच्या नटाला पाना लावला तर जेमतेम केसभर हलतो. जोर लावायची भीती वाटते, रिंगा तुटल्या तर सिलिंडरला ओरखडे येतील. अजून थांबू, की खालून कनेक्टिंग रॉड सोडवून लाकडाने हळूहळू ठोकू? आणि नागपुरात पद्मिनीसारख्या जुन्या फियाटच्या सिलिंडरचं बोअरिंग नीट करणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? एक गॅरेजवाले म्हणाले, इंजिनच बदला. ते नाही करायचं मला. याच गाडीतून बाबा आम्हाला रामटेकला न्यायचे.