कार्ब्युरेटरची गाडी भंगारात का द्यायची?

किक_मारा: परवा एकाने लिहिलं की बीएस6 (धुराचे नवे कडक नियम) आल्यावरही कार्ब्युरेटरची, म्हणजे सेन्सरशिवाय पेट्रोल आणि हवा मिसळणारी जुनी गाडी ठेवणं म्हणजे नुसता हट्ट, धूर सोडणारं भंगार आहे, विकून मोकळे व्हा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. माझ्याकडे 2004 ची स्प्लेंडर आहे, वडिलांनी घेतलेली. गेल्या जुलैत मेढ्याच्या पुढे मित्राची इंजेक्शनवाली (सेन्सर आणि पंपाने पेट्रोल फवारणारी) गाडी बंद पडली, टाकीतला पंप गेलेला, टेम्पोत घालून साताऱ्याला आणली, बिल साडेपाच हजार. त्याच पावसात माझीही मिसिंग करत, म्हणजे झटके देत होती. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला, पाणी झालेलं पेट्रोल सोडून दिलं, स्क्रू आवळला, कॉक उघडला, तिसऱ्या किकला चालू. बॅटरी तर दोन महिने मेलेलीच आहे, काही अडत नाही.

कोथरूडकर: ही तुमची गोष्ट झाली, माझी ऐका. 2006 ची गाडी होती, तीन वर्षं जीव खाल्ला तिने. डिसेंबरात चोक ओढून (थंडीत हवा कमी करून जास्त पेट्रोल द्यायचं) पाच मिनिटं घरघर, वरच्या मजल्यावरचे आजोबा खिडकी लावून घ्यायचे. पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन पार्किंगभर वास. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल दोनदा बदलली तरी तेच. नव्या गाडीत सेन्सर बघून मिश्रण ठरतं, सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कन्व्हर्टर आहे. पीयूसीचा कागद दाखवून आजोबांचा दमा बरा होत नाही.

जेट_नंबर: निडल बदलली पण फ्लोटची उंची कोणी बघितली का? रात्री कॉक बंद करत होता का? आणि मेकॅनिकने पायलट जेटमध्ये (गाडी संथ चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तार घातली असणार, पैज लावतो. तारेने भोक मोठं होतं आणि मग दोष गाडीला. जेट हवेनेच साफ करायचं. पण खरा घोळ पेट्रोलचा आहे. आमचं गॅरेज आहे, ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ते इथेनॉल ऊस-मक्यापासून बनतं) आल्यापासून जुन्या गाड्यांचे फुगलेले रबर आणि पायलट जेटला पांढरा थर रोज बघतो. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण 9. म्हणजे जेट तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), गाडी गरम होते, पिकअप मरतो. इंजेक्शनवाली स्वतः जुळवून घेते, कार्ब्युरेटरला कोण सांगणार?

शिरोळचा_ऊस: आता सगळं खापर उसावर का? इथेनॉल आलं म्हणून कारखान्याच्या हातात पैसा खेळायला लागला. शेतकऱ्याला 14 दिवसांत उसाचं बिल द्यायचा कायदा 1966 चा आहे, आमच्या वडिलांनी आठ आठ महिने वाट बघितलीय. तुमचं ॲव्हरेज पाच किलोमीटर कमी झालं तर एवढी आग, आमचं घर चाललं नव्हतं तेव्हा कोणी विचारलं?

कोथरूडकर: ऊस पाणी किती पितो तेही सांगा. मराठवाड्यात टँकर आणि शेजारी ऊस, हे आम्ही गप्प बसून बघायचं?

शिरोळचा_ऊस: मी मराठवाड्यात राहत नाही, कृष्णाकाठी राहतो, इथे पूर येतो! आणि डिसेंबर 2023 मध्ये सरकारने उसाच्या रसापासूनचं इथेनॉल एका आदेशाने अडवलं तेव्हा कारखान्यांनी उभारलेल्या डिस्टिलऱ्यांचं काय झालं ते बघा. आता मक्याचंच जास्त असतं. तरी शिव्या उसालाच.

जेट_नंबर: दादा, शेतकऱ्याला कोणी बोललं नाही. माझा राग एवढाच की पंपावर दुसरा पर्याय ठेवला नाही. शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा 6-7 टक्के कमी आणि भाव तोच, 2004 ची गाडी घेणाऱ्याने काय गुन्हा केला?

शिरोळचा_ऊस: हे मात्र मान्य. माझी स्वतःची जुनी बॉक्सर मोटारसायकल आहे, तिचा पेट्रोलचा रबरी पाइप मार्चमध्ये चिरला.

कोथरूडकर: कॉक मी कधीच बंद करत नव्हतो, ते खरं आहे. तरीही चार माणसांच्या फुफ्फुसात धूर सोडून वडिलांची आठवण जपायची हे मला पटत नाही.

किक_मारा: आठवण म्हणून नाही ठेवली. रोज 38 किलोमीटर कामावर जातो तिच्यावर, लाखाची नवी घ्यायची ऐपत नाही. चोकचं मात्र ऐकतो, उद्यापासून गाडी ढकलत फाटकाबाहेर नेऊन चालू करीन, आमच्याकडेही एक म्हाताऱ्या आजी आहेत. जेटवाले दादा, मेन जेट (वेगात पेट्रोल सोडणारं) एक नंबर मोठं टाकू का आधी पायलट?

जेट_नंबर: आधी प्लग काढून रंग बघ. पांढरा असेल, म्हणजे मिश्रण पातळ असेल, तरच जेटला हात लाव. आणि पाइप आजच बदल.